पागोळीपासून समुद्रापर्यंत : शहरी पावसाचे नियमन

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. शहरातील पावसाच्या पाण्याविषयीचे सगळे नियम, आराखडे आणि वाद या साध्या हिशोबाभोवती फिरतात. पाचशे चौरस मीटरच्या भूखंडावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर पंचवीस हजार लिटर पाणी खाली येते. दहा हजार लिटरचे अडीच टँकर. भूखंडावर माती आणि झाडे असतील तर त्यातले बरेचसे तिथेच मुरते, उरलेले सावकाश वाहू लागते. गच्ची, सिमेंटचे अंगण आणि पेव्हर ब्लॉक असतील तर तेच पाणी काही मिनिटांत रस्त्यावर येते. या पाण्याचे काय करायचे, कोणी करायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे ठरवणारी चौकट म्हणजे शहराचे पर्जन्यजल धोरण.

पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा वाहून जाणार, हे अभियंते एका आकड्याने मांडतात. त्याला अपवाह गुणांक म्हणतात. सगळे पाणी वाहून जात असेल तर गुणांक एक, निम्मे मुरत असेल तर अर्धा. मुंबईतील जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तोही ओहोटीच्या वेळी पडेल असे धरून, अर्ध्या गुणांकावर आखलेल्या होत्या. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने नवा अभ्यास करून घेतला आणि १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. त्याने पावसाचे गृहीतक ताशी ५० मिलिमीटर केले आणि गुणांक एकवर नेला. पाऊस दुप्पट आणि गुणांकही दुप्पट, म्हणजे वाहिन्यांची क्षमता चौपट हवी. यातला निम्मा बोजा पावसाने टाकलेला नाही, बांधकामाने टाकलेला आहे. शहराने मातीवर पाणी सोडले असल्याची ही सरकारी कागदावरची नोंद होती.

अहवालातील बहुतेक कामे निधीअभावी बारा वर्षे पडून राहिली. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. इतका पाऊस वाहून नेतील अशी गटारे जगातले कोणतेही शहर बांधत नाही, त्यामुळे त्या दिवसाचा सगळा दोष वाहिन्यांवर टाकणे बरोबर नाही. पण त्या आपत्तीने फायलींवरची धूळ झटकली. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, केंद्राने २००७ मध्ये १,२०० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले, आणि भरतीच्या वेळी पाणी समुद्रात उपसून टाकणाऱ्या उदंचन केंद्रांची कामे सुरू झाली. एकूण आठ केंद्रे ठरली होती. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली. मोगरा आणि माहुल ही दोन केंद्रे मात्र जागा आणि परवानग्यांच्या कचाट्यात मागे पडली. सुमारे अठरा किलोमीटरच्या मिठी नदीसाठी ऑगस्ट २००५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमले, तरी प्रत्यक्ष काम वरच्या भागात महापालिका आणि खालच्या सहा किलोमीटरांत महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अशी वाटणी झाली. पाणी मात्र हद्द पाहून वाहत नाही.

हद्दीचा हा घोळ मिठीपुरता नाही; त्याची मुळे कायद्यात आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आली आणि नगरपालिकांकडे सोपवता येतील असे अठरा विषय त्यात दिले गेले. नगररचना, इमारतींचे नियमन, पाणीपुरवठा, स्वच्छता, उद्याने, अगदी गुरांचे कोंडवाडेही त्यात आहेत. पावसाच्या पाण्याचा निचरा स्वतंत्र विषय म्हणून त्यात नाही. तो कधी सार्वजनिक आरोग्यात, कधी रस्त्यांमध्ये, कधी नगररचनेत शोधावा लागतो. परिणाम असा की बहुतेक महापालिकांत पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते, उद्याने आणि बांधकाम परवानगी ही पाच खाती एकाच सरीकडे पाच बाजूंनी पाहतात. रस्ते विभाग रस्त्याची उंची वाढवतो, शेजारच्या सोसायटीचे अंगण खाली जाते, आणि तिथे पाणी का तुंबले याचे उत्तर सहाव्या खात्याला द्यावे लागते. त्या खात्याचे नाव आपत्ती व्यवस्थापन.

केंद्र सरकारची भूमिका मुख्यतः मार्गदर्शनाची आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. नदीच्या पुरापेक्षा शहरातील पूर वेगळा असतो आणि तो काही मिनिटांत चढतो, हे त्यात प्रथमच ठळकपणे मांडले गेले. तोवर पर्जन्यवाहिन्यांचा तांत्रिक विचार सांडपाण्याच्या हस्तपुस्तिकेतच होत असे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने पर्जन्यजल निचऱ्याची स्वतंत्र हस्तपुस्तिका २०१९ मध्ये काढली. महानगरांच्या मध्यवर्ती भागातील वाहिन्या पाच वर्षांतून सरासरी एकदा पडेल इतक्या जोरदार पावसासाठी आखाव्यात, असे ती सांगते. रस्त्यावर कधीच पाणी साचणार नाही, असे आश्वासन यात नाही. किती वर्षांतून एकदा साचलेले चालेल, एवढेच त्यात ठरते, आणि ही गोष्ट नागरिकांना कोणी समजावून सांगत नाही. निधीच्या बाबतीत २०१५ च्या 'अमृत' योजनेत पर्जन्यवाहिन्यांना स्थान होते. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात भर पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि जलाशयांचे पुनरुज्जीवन यांवर गेला.

सर्वसामान्य नागरिकाचा संबंध येतो तो पर्जन्यजल संचयाच्या नियमाशी, म्हणजे बोलीतल्या 'रेन वॉटर हार्वेस्टिंग'शी. मुंबईत २००२ पासून एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामांना ही व्यवस्था सक्तीची झाली. २००७ मध्ये मर्यादा तीनशे चौरस मीटरपर्यंत खाली आली. पुढे २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नव्या विकास नियंत्रण नियमावलीत ती पाचशेवर गेली. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यातही गावठाणाबाहेरच्या पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना ही अट आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श उपविधींमध्ये मात्र शंभर चौरस मीटरची मर्यादा सुचवलेली आहे. पाचशे आणि शंभर यांच्यामध्ये शहराचा फार मोठा भाग येतो. जुन्या पेठा, बैठे बंगले, गुंठेवारीतली घरे ही सगळी त्या फटीत राहतात.

या व्यवस्थेची रचना अवघड नाही. गच्चीवरचे पाणी उभ्या नळांतून खाली येते. पहिल्या सरींचे धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा मिसळलेले पाणी बाजूला सोडले जाते. उरलेले पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत, शोषखड्ड्यात, विहिरीत किंवा कूपनलिकेत जाते. पाणी साठवायचे की मुरवायचे, हे मात्र जमिनीवर अवलंबून असते, आणि नियमांची पहिली कमजोरी इथेच दिसते. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकात पाणी मुरते ते भेगांमधून आणि झिजलेल्या मुरमाच्या थरातून. अखंड खडकावर खणलेला शोषखड्डा म्हणजे पावसाळी डबके. किनाऱ्यालगतच्या मुंबईत ऐन पावसाळ्यात भूजल आधीच वर आलेले असते, तिथे मुरवण्यापेक्षा टाकी उपयोगी. एका भूखंडावर काय चालेल, हे पाहायला भूजलाची पाहणी हवी. नकाशावर एक चौकोन काढून त्यात 'शोषखड्डा' लिहिले की अट पूर्ण होते, ही पद्धत त्या पाहणीची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी कमजोरी हेतूची आहे. हे नियम टंचाईच्या मनःस्थितीत लिहिले गेले, म्हणून ते पावसाकडे नळाला पर्याय म्हणून पाहतात. पुण्यासारख्या शहरात वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर शंभर चौरस मीटरच्या गच्चीवरून गळती वगळून साधारण छप्पन्न हजार लिटर हाती येते. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी प्रमाणाने चौघांच्या कुटुंबाला ते शंभर दिवस पुरेल. बंगल्यासाठी हा हिशोब झकास आहे. तीनशे चौरस मीटरच्या गच्चीखाली अठ्ठावीस सदनिका असल्या की तेच पाणी अकरा दिवसांत संपते, आणि तीस मजली मनोऱ्यात तर त्याची दखलही घेण्याचे कारण उरत नाही. रहिवाशांना उत्साह वाटत नाही यात नवल नाही. त्याच गच्चीचा दुसरा उपयोग सर्व मजल्यांवर सारखाच टिकतो: जोराच्या सरीतले पाणी तास-दोन तास अडवून धरणे. वाहिन्या तुंबतात त्या वार्षिक पावसाने नव्हे, एका तासाच्या पावसाने. महाराष्ट्रातील नियमांचा भर मात्र किती पाणी साठवले आणि मुरवले यावर राहिला आहे; भूखंडाबाहेर ताशी किती पाणी सोडता येईल, याचे मोजमाप त्यांच्या केंद्रस्थानी नाही.

तिसरी आणि सर्वांत ठळक कमजोरी देखभालीची. अट तपासली जाते ती भोगवटा प्रमाणपत्र देताना. त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांत गाळणी गाळाने भरते, नळाचा सांधा निखळतो, खड्ड्यावर दुचाकी उभ्या राहू लागतात. नियमावलीने याची कल्पना केलेली आहे. व्यवस्था न उभारणाऱ्या किंवा न सांभाळणाऱ्या मालकाकडून दर शंभर चौरस मीटर बांधकाम क्षेत्रामागे वर्षाला कमाल एक हजार रुपयांची आकारणी करता येते, म्हणजे चौरस मीटरला दहा रुपये. पुण्यासारख्या महापालिका उलट बाजूने जाऊन, पर्जन्यजल संचय, सौर ऊर्जा किंवा गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देतात. गाजर आणि छडी दोन्ही कागदावर आहेत. दोन्हींना लागते ती दरवर्षीची तपासणी, आणि त्यासाठी माणसे.

सक्तीचा सर्वांत मोठा प्रयोग तमिळनाडूत झाला. २००३ च्या तीव्र टंचाईत जयललिता सरकारने अध्यादेश काढून नव्या-जुन्या सर्व इमारतींना काही महिन्यांच्या मुदतीत पर्जन्यजल संचय सक्तीचा केला. न करणाऱ्यांची नळजोडणी तोडण्याची तरतूद होती. चेन्नईत अक्षरशः घराघरांत खड्डे खणले गेले आणि नंतरच्या चांगल्या पावसाळ्यांत विहिरींची पातळी वर आली. जुन्या इमारतींना हात घालण्याचे धाडस दाखवणारा नियम म्हणून तो आजही महत्त्वाचा आहे. पण घाईत खणलेले अनेक खड्डे देखभालीअभावी निकामी झाले, आणि दरम्यान पळ्ळिकरणैसारख्या पाणथळ जागांचा बहुतांश भाग बांधकामाखाली गेला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली. जून २०१९ मध्ये तिला पाणी पुरवणारे चारही प्रमुख जलाशय कोरडे पडले. खासगी भूखंडावर कडक आणि सार्वजनिक जमिनीवर सैल, असा कायदा शहराला एकाच दशकात पूर आणि दुष्काळ दोन्ही देऊ शकतो.

बंगळूरने वेगळी वाट धरली. पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती करून तीस बाय चाळीस फुटांच्या नव्या घरांनाही अट लावली, आणि पुढे न पाळणाऱ्यांच्या पाणीबिलावर अधिभार सुरू केला: घरगुती ग्राहकांना आधी २५ टक्के, मग ५० टक्के. वसुली सोपी, कारण बिल दर महिन्याला जातेच. अडचण अशी निघाली की पाण्याचे बिलच इतके कमी की असंख्य मालकांना खड्डा खणण्यापेक्षा दंड भरणे परवडले. दंडाची रक्कम ठरवताना ती कामाच्या खर्चाशी ताडून पाहावी लागते, हा साधा धडा त्यातून मिळतो.

जर्मनीतील शहरांनी दंडाऐवजी दर लावला. पूर्वी तिथेही सांडपाण्याचे शुल्क वापरलेल्या पाण्यावरून ठरत असे. त्यामुळे भलेमोठे डांबरी वाहनतळ असलेला मॉल थोडके शुल्क भरी आणि त्याच्या पावसाच्या पाण्याचा खर्च शेजारच्या कुटुंबांवर पडे. शुल्काचे दोन भाग केल्यावर हे बदलले: वापरलेल्या पाण्याचा एक, आणि वाहिनीला जोडलेल्या पक्क्या पृष्ठभागाचा दुसरा. बर्लिनमध्ये २००० पासून हे शुल्क वेगळे आकारले जाते. त्याचा दर चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे १.८० युरो राहिला आहे. हवाई छायाचित्रांवरून गच्च्या आणि फरशा मोजल्या जातात. पाणी स्वतःच्या आवारात जिरवणाऱ्याला शुल्क लागत नाही आणि हिरव्या छताला सवलत मिळते. कोणाला नोटीस पाठवावी लागत नाही, तरी मालक स्वतःहून फरशा उखडतात. २०१८ पासून बर्लिनने नव्या बांधकामांमधून वाहिनीत किती वेगाने पाणी सोडता येईल यावरही मर्यादा घातली.

अमेरिकेतील फिलाडेल्फियात सुमारे साठ टक्के भागात सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते. मोठा पाऊस आला की दोन्ही मिसळून नदीत. जमिनीखाली अवाढव्य बोगदे खणण्याऐवजी या शहराने २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण यंत्रणेच्या संमतीने पंचवीस वर्षांचा कार्यक्रम घेतला आणि वृक्षखड्डे, पावसाळी बागा, सच्छिद्र फरसबंदी यांवर भर दिला. बिगर-घरगुती मिळकतींचे शुल्कही पक्क्या क्षेत्रफळावर बेतले. सिंगापूरचा नियम आणखी थेट आहे: २०१४ पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या नव्या बांधकामाने कमाल प्रवाह आपल्या आवारातच रोखून धरायचा. तिथे प्रश्न शोषखड्ड्याचा नाही, प्रवाहाच्या वेगाचा आहे.

चीनने २०१५ मध्ये 'स्पंज सिटी' कार्यक्रम सुरू केला. २०३० पर्यंत शहरी क्षेत्राच्या ८० टक्के भागात पावसाचे ७० टक्के पाणी जागीच जिरवायचे किंवा वापरायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. २० जुलै २०२१ रोजी चंगचौ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला, भुयारी रेल्वेत पाणी घुसून चौदा प्रवासी मृत्युमुखी पडले आणि या कल्पनेवर टीकेची झोड उठली. टीका अर्धीच खरी होती. अशा व्यवस्था नेहमीच्या आणि मध्यम पावसासाठी असतात. अतिवृष्टीसाठी पूर्वसूचना, रेल्वे वेळेत थांबवण्याचे अधिकार आणि पाण्याला मोकळी जागा लागते.

ती जागा राखण्याचे नियम महाराष्ट्रात आहेत. जलसंपदा विभाग नद्यांच्या दोन पूररेषा आखतो: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. ओढ्या-नाल्यांना असे संरक्षण तोकडे आहे; त्यांच्यापासून ठरावीक अंतर सोडले की झाले, आणि 'नाला प्रशिक्षण' या नावाखाली प्रवाह वळवून सिमेंटच्या भिंतींत बसवण्याची मुभाही मिळते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्यांत शिरून अनेक बळी घेतले, तेव्हा या मुभेची किंमत दिसली.

नवी मुंबईचे उदाहरण उलट आहे. खाडीकाठची सखल जमीन वसवताना सिडकोने सुरुवातीलाच धारण तलाव आखले. भरतीच्या वेळी दारे मिटतात, शहराचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला खाडीत उतरते. भारतात नगररचनेतच पावसाला जागा देणारी अशी उदाहरणे थोडी आहेत. पण तलावांत गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली, आणि खारफुटीला उच्च न्यायालयाच्या आदेशांनी संरक्षण असल्याने गाळ काढण्यासाठी परवानग्यांची मालिका सुरू झाली. एक पर्यावरणीय नियम दुसऱ्याच्या आड येतो, तेव्हा निवाडा कोणी करायचा हे आधी लिहून ठेवलेले नसते. मुंबईने अलीकडे हिंदमाता परिसराचे पाणी थोपवण्यासाठी दादर आणि परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या. त्याच मुंबईत सुमारे दोन हजार किलोमीटरचे सगळे रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याचे काम चालू आहे. एका खात्याने खर्च करून पाणी अडवायचे आणि दुसऱ्याने खर्च करून ते अधिक वेगाने पाठवायचे, असा हा कारभार आहे.

यावर उपाय फार मोठे नाहीत. बांधकाम परवानगीत शोषखड्ड्यांच्या संख्येऐवजी भूखंडाबाहेर सोडता येणाऱ्या प्रवाहाची मर्यादा असावी. ती रस्ते आणि सरकारी इमारतींनाही लागू असावी. मिळकतकरासाठी महापालिकांनी मोजणी केलेलीच असते, तिच्यात पक्क्या पृष्ठभागाची एक नोंद वाढवता येईल. नालेसफाईचे आकडे दरवर्षी मेमध्ये जाहीर होतात, तसे चालू आणि बंद शोषखड्ड्यांचे प्रभागवार आकडेही जाहीर करता येतील. आणि आकारणीसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही: चौरस मीटरमागे दहा रुपयांचे कलम नियमावलीत आधीच आहे. रक्कम किरकोळ आहे, ती वाढवावी लागेल. पण आधी ती वसूल व्हायला हवी.